एका सुईचे पैसे

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या घरात एक बाई राहतात. गेली तीस वर्षं त्यांना सगळे पेचकसबाई म्हणतात. खालच्या पत्रपेटीवरही तेच रंगवलेलं आहे. नवा पोस्टमन पहिल्या दिवशी गोंधळतो आणि दुसऱ्या दिवशी सरावतो. आमच्या दोन घरांमधली भिंत नावाला भिंत आहे, त्यामुळे त्यांच्याकडचं बोलणं मला ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं. जे ऐकलं नाही ते त्यांनी स्वतः सांगितलं. त्यांना लपवाछपवीचा कंटाळा आहे.

एकोणीस वर्षांच्या असताना त्या शर्टाच्या कारखान्यात लागल्या. काम कॉलर शिवण्याचं. एका रांगेत चाळीस मशीनं, चाळीस बायका, आणि सगळ्या रांगेला मिळून एक मिस्त्री. पगार नगावर मिळायचा. म्हणजे मशीन बंद पडलं की बाई नुसती बसून राहणार आणि तेवढा वेळ तिची कमाईही बसून राहणार. मिस्त्री मात्र आपल्या मर्जीचा मालक होता. जी त्याच्याशी हसून बोलेल तिचं मशीन आधी, जी बोलणार नाही तिचं जेवणाच्या सुट्टीनंतर. बाईंना उगाच हसता येत नाही. एकदा त्या सकाळपासून दुपारपर्यंत मांडीवर हात ठेवून बसल्या. मिस्त्री तीन वेळा त्यांच्या समोरून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून लाकडी मुठीचा एक पेचकस आणला. मशीन पुन्हा अडलं तेव्हा कोणाला हाक मारली नाही. पट्टी काढली, खाली गुरफटलेला दोरा ओढून काढला, पट्टी बसवली आणि पुढची कॉलर घेतली. चहाचा एक कप संपायच्या आत काम झालं होतं. मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. सुपरवायझरने बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

"हे तुमचं काम नाही," तो म्हणाला.

"माझं काम कॉलर शिवण्याचं," बाई म्हणाल्या. "मशीन बंद असताना कॉलर कशी शिवायची ते सांगा, तशी शिवते."

दोन दिवस घरी बसवलं त्यांना. परत आल्या तर मिस्त्रीने त्यांच्या मशीनवर खडूने मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, पेचकसबाई. आजूबाजूच्या बायका माना खाली घालून बघत होत्या, ही आता रडते की पुसते. बाईंनी दोन्ही केलं नाही. दुसऱ्या दिवशी घरून नेलपेंटची बाटली आणली आणि त्या खडूच्या अक्षरांवरून नीट, काना-मात्रेसकट, ब्रश फिरवून नाव पक्कं केलं.

पुढे चोवीस-पंचवीस वर्षं त्या तिथेच होत्या. मिस्त्री बदलत गेले. शेवटी शेवटी तर नवा मिस्त्रीच अडलं की त्यांच्याकडे यायचा, पण हजेरीपत्रकात त्या कायम कॉलरवाल्याच राहिल्या. मग कारखान्याने गाशा गुंडाळला आणि बाई शेहेचाळिसाव्या वर्षी घरी आल्या. त्यांचे मिस्टर बस चालवायचे, तेही निवृत्तीला टेकले होते. मुलगी नुकतीच कुरिअरच्या ऑफिसात लागली होती.

बाईंनी बाहेरच्या खोलीत खिडकीशी दोन लाकडी घोड्यांवर एक जुना दरवाजा आडवा टाकला आणि त्याचं टेबल केलं. औषधांच्या रिकाम्या डब्यांत स्क्रू आकारवार लावले. दोऱ्याला एक लोहचुंबक बांधून ठेवला, खाली पडलेल्या सुया वेचायला. घरात अनवाणी चालायची सगळ्यांना बंदी झाली. दारावर पाटी लागली, शिलाई मशीन दुरुस्ती. सुरुवातीला मशीन घेऊन आलेली माणसं खोलीभर नजर फिरवून विचारायची, "मिस्त्री कुठे आहेत?"

"तुमच्यासमोर उभी आहे," बाई म्हणायच्या. "मशीन इकडे ठेवा. उंबऱ्यात नको."

व्हिडिओचं प्रकरण सुरू झालं ते एका फोनमुळे. कारखान्यातली त्यांची एक मैत्रीण लांबच्या गावी राहायला गेली होती. तिच्या मशीनचे टाके सुटत होते. बाई फोनवर सांगत होत्या, "ती गोल डबी आहे ना, तिच्या मागचं जे वाकडं आहे, ते जरा डावीकडे." ती विचारत होती, "कुठलं वाकडं? इथे सगळंच वाकडं आहे." अर्धा तास हे चाललं. मी भिंतीपलीकडे हसून हसून बेजार झाले. शेवटी मुलीने फोन काढून घेतला आणि म्हणाली, "आई, तू आपल्या मशीनवर करून दाखव, मी शूट करते."

त्या पहिल्या व्हिडिओत बाईंचा चेहरा दिसत नाही, नुसते हात दिसतात. बोटांच्या पेरांत तेलाच्या काळ्या रेषा. नमस्कार नाही, ओळख नाही. पहिलं वाक्य असं, "मशीन बंद करा. वायर काढा. आता बसा." त्या प्रत्येक व्हिडिओ याच तीन वाक्यांनी सुरू करतात. मैत्रिणीने तो व्हिडिओ आपल्या गावच्या दहा-पंधरा बायकांना पाठवला, त्यांनी आणखी कोणाला. मुलीने चॅनल उघडलं आणि नाव दिलं, पेचकसबाई.

वर्षभरात त्या व्हिडिओंना इतकी माणसं लागली की बाईंना खरं वाटेना. घरी बसून दप्तरं शिवणाऱ्या बायका, तंबू शिवणारे, इस्पितळात चादरींना दुमड घालणारा एक कामगार, सैन्यातून निवृत्त होऊन गोधड्या शिवायला शिकलेले एक गृहस्थ. प्रश्न यायचे आणि बाई आठवड्यातले दोन दिवस गिऱ्हाइकांची मशीनं बाजूला ठेवून उत्तरांचे व्हिडिओ करायच्या. काही जण लिहायचे, मिस्त्रीला दिले असते ते पैसे तुम्हाला पाठवायचे आहेत, कसे पाठवू? बाई मुलीला म्हणायच्या, "लिही, काही नको."

"का नको?" मुलगी एकदा चिडली. "दोन दिवसांचं काम बुडतं तुझं."

"मी कोणाशी दर ठरवला नाही. मोजून काम केलं, मोजून पैसे घेतले, असंच आयुष्य गेलं माझं. हे न ठरवलेले पैसे कुठल्या हाताने घ्यायचे ते मला कळत नाही."

त्या अडून बसल्या की बसल्या. त्यांना हलवलं ते एका अनोळखी बाईच्या चार ओळींनी. तिने लिहिलं होतं, "बाई, तुमच्यामुळे माझं मशीन दोनदा सुरू झालं. आता तिसऱ्यांदा अडलं आहे. पण तुम्ही काही घेत नाही, म्हणून पुन्हा विचारायची लाज वाटते."

बाईंनी दोन दिवस तो निरोप डोक्यात घोळवला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे दुधाचं पातेलं परत द्यायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "मी स्वतःला मोठी समजत होते. घेत नाही म्हणजे किती मोठी. आणि ती बिचारी तिथे लाजेने बसून राहिली, मशीन बंद ठेवून." पातेलं माझ्या हातात देऊन त्या तशाच परत गेल्या आणि मुलीला म्हणाल्या, "लाव ते पैशांचं बटण."

बटणाखाली काय लिहायचं ते त्यांनी स्वतः सांगितलं. "व्हिडिओ कामाला आला असेल तर एका सुईचे पैसे पाठवा. आला नसेल तर पाठवू नका, काय अडलं ते लिहा. हातात पैसे नसतील तर काही पाठवू नका आणि लाजू नका. विचारायला पैसे लागत नाहीत."

सुया येऊ लागल्या. घरात शब्दच तो रूढ झाला. मुलगी कामावरून येऊन म्हणायची, "आज बऱ्याच सुया आल्या." कोणी एक पाठवायचं, कोणी दोन. एकाने अर्धीच पाठवली आणि लिहिलं, अर्धंच समजलं. बाईंना ते इतकं पटलं की त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा केला.

हे ज्यांच्या डोळ्यांत खुपलं ते बाईंचे धाकटे दीर. पतपेढीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, शब्द तोलून वापरतात आणि तोललेला शब्द नेमका लागेल तिथे टाकतात. एका रविवारी ते बायकोला घेऊन आले होते. मीही तिथेच होते. चहा झाला आणि त्यांनी विषय काढला.

"वहिनी, लोकांपुढे पदर पसरायची वेळ आली का आपल्यावर? मला सांगितलं असतंत तर मी दिले असते."

"तुम्ही दिले असते, भाऊजी," बाई म्हणाल्या, "आणि मग मला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. हे लोक देतात आणि ऐकवत नाहीत."

"पण मागणं ते मागणंच."

"भीक मागणारा आधी हात पुढे करतो. माझं काम आधी होतं. पैसे मागून येतात, आले तर. तुमच्या पतपेढीत असं कोणी काम करतं का, ते सांगा."

दीर हसले. "मग सरळ फी लावा ना. पैसे भरा, व्हिडिओ बघा. रोखठोक व्यवहार. त्यात मान आहे."

"ज्या बाईचं मशीन बंद पडलंय तिच्याकडेच त्या दिवशी पैसे नसतात. मशीन सुरू झाल्यावर येतात. मी बसलेली आहे बंद मशीनपुढे, मला माहीत आहे. तिच्या तोंडावर मी दार लावू?"

बाईंचे मिस्टर आपल्या भावापुढे कधी तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी भावाच्या पुढचा कप दोन बोटांनी त्याच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "चहा घे. गार झाला. बोलण्यात राहून गेला." एवढंच. पण कोण कोणाच्या बाजूला आहे ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. दिरांची बायको, म्हणजे बाईंची धाकटी जाऊ, सगळा वेळ खाली बघत बसली होती. तीही घरी कापडी पिशव्या शिवायची.

सुया पाठवणाऱ्यांत एक मशीनविक्रेतेही होते. मुख्य रस्त्यावर त्यांचं काचेचं मोठं शोरूम आहे. सुया यायला लागल्यापासून ते दर महिन्याला इतके पाठवायचे की त्यांच्या एकट्याच्या सुयांनी एखादं कपाट भरलं असतं. सोबत दोन ओळी कौतुकाच्या. मुलगी खूश. त्या पैशांतून टेबलावर एक चांगला दिवा आला, फोन धरायला स्टँड आला. मग एक दिवस ते स्वतःच जिने चढून आले, काखेत नवं कोरं मशीन. पांढरंशुभ्र, हलकं, खेळण्यासारखं गोंडस.

"नवीन आलंय, ताई. उघडून बघा आणि चार शब्द बोला तुमच्या भाषेत."

"उघडून बघते," बाई म्हणाल्या. "दिसेल ते बोलते."

"तेच म्हणतोय मी," असं म्हणून ते हसत हसत गेले.

बाईंनी मशीन पालथं केलं. ते उघडायला एकही स्क्रू नव्हता. झाकण चिकटवलेलं होतं. त्यांना तिथेच राग आला. जी वस्तू उघडता येत नाही ती विकत घेतली तरी आपली होत नाही, असं त्यांचं मत आहे. पातळ पातं घालून त्यांनी झाकण सोडवलं. आत मोटरपाशी एक दातेरी चाक होतं, सगळा भार पेलणारं, आणि ते प्लास्टिकचं होतं. तेही चिकटवलेलं, म्हणजे बदलायची सोय नाही. बाईंनी जीन्सच्या कापडाच्या चार घड्या घालून त्यावर रोज थोडी थोडी शिलाई मारली. तिसऱ्या दिवशी चाकाचे दात गेले. मशीन गुरगुरत राहिलं, सुई हलेना.

सगळं व्हिडिओत आलं. शेवटी त्या म्हणाल्या, "रुमालांना दुमड घालायची असेल तर हे मशीन छान आहे. पोटासाठी घेणार असाल तर घेऊ नका."

तो व्हिडिओ याआधीच्या कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त फिरला. चौथ्या दिवशी विक्रेते पुन्हा जिना चढून आले. या वेळी हसू नव्हतं, पण आवाज मात्र साखरेत घोळलेला.

"ताई, मी तुमचा सगळ्यात जुना चाहता. मी काय पाठवतो ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय?"

"तेवढा एक व्हिडिओ काढून टाका. मी आत्ता देतो त्याच्या पाचपट दर महिन्याला देईन. एकेक सुई पाठवणाऱ्या या लोकांची तुम्हाला गरजच उरणार नाही."

"तीच तर भीती आहे," बाई म्हणाल्या.

"मी आजवर दिलं ते काय उगाच दिलं?"

"मला वाटलं होतं भेट दिलीत. भेट देणारा मागून काही मागत नाही. तुम्ही आगाऊ रक्कम देत होतात, ते मला आज कळलं. माझीच चूक. डोळे असून बघितलं नाही."

त्यांनी मुलीला हाक मारली आणि शिल्लक होतं ते तिथल्या तिथे परत पाठवायला लावलं. खर्च झालेल्याचं काय, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. बाईंनीच टेबलावरच्या दिव्याची वायर काढली, ती नीट गुंडाळली आणि दिवा विक्रेत्यांच्या एका हातात दिला. स्टँड दुसऱ्या हातात. दात गेलेलं मशीन खोक्यात घालून काखेत. माझं दार उघडंच होतं. एवढा मोठा माणूस दोन्ही हातांत सामान घेऊन जिन्यात उभा होता आणि पायरी कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं. बाई म्हणाल्या, "सावकाश उतरा. तिसरी पायरी तुटकी आहे."

त्याच दिवशी त्यांनी बटणाखाली एक ओळ वाढवायला सांगितली. एका माणसाने महिन्याला सुयांच्या एका पाकिटापेक्षा जास्त पाठवू नये, पाठवलं तर परत येईल.

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. "आई, लोक जास्त मिळावं म्हणून जिवाचं रान करतात आणि तू वरून झाकण लावतेस."

"एकट्याने पोसलं की तो मालक होतो," बाई म्हणाल्या. "हजार जणांनी थोडं थोडं दिलं तर ते हजार मालक या खोलीत मावणार नाहीत. मग उरते मीच."

तीन आठवड्यांनी चॅनल बंद झालं. मशीन बनवणाऱ्या कंपनीने तक्रार केली होती, दिशाभूल करणारी माहिती म्हणून. एक व्हिडिओ नव्हे, दोनशेवर व्हिडिओ एका सकाळी दिसेनासे झाले. मुलगी कामावर न जाता जमिनीवर बसून रडली. त्याच आठवड्यात विक्रेत्यांचा माणूस एक टाईप केलेलं पत्र घेऊन आला. माझ्याकडून चूक झाली, मी माफी मागते, असा मजकूर. खाली सहीची रेघ. सही केली तर तक्रार मागे घेतली जाणार होती.

बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग सहीच्या रेघेखाली पेनाने लिहिलं, "मी जे पाहिलं ते दाखवलं. चाक प्लास्टिकचं नाही असं कंपनीने लेखी द्यावं, मी दुसऱ्या दिवशी जाहीर माफी मागेन." पत्र घडी करून त्याच माणसाच्या हाती परत दिलं. त्याला उत्तर आलं नाही, आजतागायत नाही.

दिरांचा फोन आला. ते काय म्हणाले मला ऐकू आलं नाही, पण बाईंचं ऐकू आलं. "हो भाऊजी, तुम्ही सांगितलं होतं. आता आणखी काय सांगायचं राहिलंय ते सांगा, म्हणजे एकदाच ऐकते."

मात्र त्या दिवसांत त्या कोमेजल्या होत्या, हे मी पाहिलं आहे. टेबलापाशी बसायच्या, मशीन उघडायच्या आणि तसंच ठेवून द्यायच्या. मिस्टर एकदा हळूच म्हणाले, "सही केली असतीस तर?" त्यावर त्या भांडल्या नाहीत. "मग मी पुढे कुठलंही मशीन उघडून बरं म्हटलं असतं, तर कोणी विश्वास ठेवला असता का?" एवढंच विचारलं. मिस्टरांनी मान हलवली.

सुया पाठवणाऱ्यांचे संपर्क मात्र मुलीकडे होते, कारण पैसे वेगळ्या ठिकाणी यायचे. बाईंनी त्या सगळ्यांना एक निरोप पाठवायला लावला. "त्या प्लास्टिकच्या चाकाच्या व्हिडिओमुळे चॅनल बंद केलं गेलं आहे. व्हिडिओ माझ्याकडे आहेत. कोणाचं मशीन अडलं तर या नंबरवर फोन करा किंवा या पत्त्यावर लिहा. पैसे पाठवू नका, सध्या दाखवायला काही नाही."

पैसे तरीही आले. काहींनी बजावून पाठवले. एका आजीबाईंनी लिहिलं होतं, "मला काय पाठवायचं ते तुम्ही सांगू नका." पण पुढच्या पंधरा दिवसांत जे आलं त्याची कोणाला कल्पना नव्हती. मुलीच्या कुरिअर ऑफिसात बाईंच्या नावाची छोटी छोटी पाकिटं येऊ लागली. प्रत्येकात कागदात गुंडाळलेलं एक पांढरं दातेरी चाक. दात गेलेलं, चिरलेलं, काही तर दोन तुकडे झालेली. तीच कंपनी, तेच मशीन. सोबत चिठ्ठ्या. "दोन महिन्यांत गेलं." "मुलीच्या गणवेशावर गेलं." "मिस्त्री म्हणाला, फेकून द्या आणि नवं घ्या." व्हिडिओत बाईंनी झाकण सोडवून दाखवलं होतं, ते पाहून लोकांनी आपापली मशीनं उघडली होती.

एका पाकिटात चिठ्ठी नव्हती, नुसतं नाव होतं. बाईंनी ते नाव वाचलं, पाकीट उलटंपालटं केलं आणि माझ्या दारात येऊन मला दाखवलं. धाकट्या जावेचं होतं. नवऱ्याने कौतुकाने आणलेलं मशीन, त्याच शोरूममधलं. मुलीने जुनी यादी काढून बघितली तर "घरातलीच एक" या नावाने पहिल्या महिन्यापासून दर महिन्याला एक सुई येत होती.

बाईंनी माझ्यासमोरच स्पीकर लावून जावेला फोन केला. "भाऊजींना कळलं तर?"

"कळू दे," जाऊ म्हणाली. मी इतकी वर्षं तिला ओळखते, तिचा एवढा सरळ आवाज मी समोरासमोरसुद्धा कधी ऐकला नव्हता. "माझं मशीन आहे. माझं चाक आहे. नाव माझंच लावा, वहिनी."

बाईंनी खिडकीशेजारच्या भिंतीवर एक लाकडी फळी उभी केली आणि एकेक चाक तिच्यावर डिंकाने चिकटवलं. खाली कोणाचं, कशावर गेलं, ते लिहिलं. दप्तर शिवणारी. तंबूवाले. इस्पितळाच्या चादरी. धाकटी जाऊ, कापडी पिशव्या. मग मुलीने नवं चॅनल उघडलं आणि पहिला व्हिडिओ त्या फळीचा केला. त्यात प्रथमच बाई स्वतः दिसल्या, हातांसकट सगळ्या. फळीपाशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "माझी एकटीची चूक झाली असेल, मला मान्य आहे. ही सगळी माणसं चुकली आहेत का, ते कंपनीने सांगावं. मी इथेच आहे. पत्ता खाली दिला आहे."

नव्या चॅनलवर तक्रार आली नाही. एका वर्तमानपत्राची बातमीदार येऊन फळीचा फोटो घेऊन गेली. मग कंपनीने पत्रक काढलं की काही ठराविक मशीनांमध्ये अडचण आढळली असून विनंती केल्यास चाक विनामूल्य बदलून मिळेल. बदलून मिळण्याचं ठिकाण तेच काचेचं शोरूम. पहिल्याच सोमवारी तिथे रांग लागली आणि रांगेत धाकटी जाऊ होती, नवऱ्यासोबत. मशीन दिरांनी उचललं होतं.

लोक बाईंचं अभिनंदन करायला आले तेव्हा त्या खूश नव्हत्या. "प्लास्टिक काढून प्लास्टिकच घालतायत," त्या म्हणाल्या. "आणि झाकण अजून चिकटवलेलंच आहे." पुढचे दोन व्हिडिओ त्यांनी त्यावरच केले. पहिला, केस वाळवायच्या मशीनने डिंक मऊ करून झाकण न मोडता कसं काढायचं. दुसरा, धातूचं चाक कोणत्या मापाचं लागतं आणि ते कसं बसवायचं. आता बाजारात कितीतरी छोटे दुकानदार ते धातूचं चाक ठेवतात. विचारलं तर सांगतात, पेचकसबाईंचं चाक द्या म्हणून लोक येतात. बाईंना त्यातून काही मिळत नाही. एका दुकानदाराने देऊ केलं होतं, त्यालाही सुयांच्या पाकिटाची मर्यादा सांगण्यात आली.

जुनं चॅनल परत मिळालं नाही. नव्यावर पूर्वीच्या निम्मीही माणसं आलेली नाहीत. पण जी आली ती सुया पाठवणारी आली, आणि आता आठवड्यातले चार दिवस बाई व्हिडिओच करतात. दिवा त्यांनी त्याच सुयांतून नवा घेतला. जुन्यापेक्षा लहान आहे, पण मानेवर कसाही वळतो.

दीर अजूनही येतात. पदराचा विषय काढत नाहीत. मागच्या वेळी म्हणाले, "वहिनी, हे लोक उद्या पाठवायचे थांबले तर?"

"थांबतील की. त्यांची मर्जी," बाई म्हणाल्या. "कारखाना थांबला तेव्हा एका दिवसात थांबला. हे थांबले तरी एकेक करून थांबतील. तोवर मला कळेल माझं कुठे चुकतंय."

गेल्या आठवड्यात दुपारी त्यांचा आवाज चढलेला ऐकू आला म्हणून मी त्यांच्या दारात गेले. फोनवर पडदे शिवणारे कोणी म्हातारे गृहस्थ होते. महिन्याला एक सुई पाठवणारे. बॉबिनमध्ये दोरा भरण्याच्या व्हिडिओबद्दल त्यांची तक्रार होती.

"सगळ्यांना दिसतंय, तुम्हालाच कसं दिसत नाही?" बाई म्हणत होत्या. "चष्मा बदला. काय? नाही, मी घाई केलेली नाही. मी तीस वर्षं हेच करतेय, काका."

पलीकडून बराच वेळ काहीतरी शांतपणे सांगितलं जात होतं. बाईंनी फोन खांद्याशी धरून टेबलावरचा दुसरा फोन उचलला आणि आपलाच व्हिडिओ लावला. बघितला. पुन्हा मागे नेऊन बघितला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "ठेवू नका."

मग मुलीकडे वळल्या. तिची त्या दिवशी सुट्टी होती. "लाव गं कॅमेरा परत. ऐन वेळी माझा अंगठा मध्ये येतोय, म्हणे."

"येतोय का?" मी विचारलं.

"येतोय," बाई म्हणाल्या आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. "मशीन बंद करा. वायर काढा. आता बसा."